इन्स्टावरचं तुमच्या धंद्याचं नाव खरंच तुमचं आहे का? ट्रेडमार्कचा कायदा काय सांगतो

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हिरवा कंदील दाखवला आणि उस्मानाबाद शहराचं धाराशिव झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नावही बदललं. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, शिक्के बदलले.

एक गोष्ट मात्र कुठल्याच राजपत्राने बदलत नाही. ती म्हणजे इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि एक्सवरचं युजरनेम.

ज्यांच्या पेजच्या नावात ‘उस्मानाबाद’ होतं, त्यांच्यापुढे तेव्हा साधासा वाटणारा प्रश्न होता. जुनंच नाव ठेवायचं की ‘धाराशिव’ घ्यायचं? नवं घ्यावं, तर ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं असू शकतं. जुनं सोडावं, तर ते काही दिवसांनी मोकळं होतं आणि दुसरा कुणीही उचलू शकतो. मग तुमच्या जुन्या बिलांवर, पिशव्यांवर, गाडीच्या काचेवर छापलेलं हँडल टाकून गिऱ्हाईक शोधायला गेलं, की ते पोचणार तिसऱ्याच माणसाच्या पेजवर.

प्रश्न फक्त नामांतराचा नाही. आज तालुक्याच्या गावातला केकवाला, साडीवाली, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, क्लासचे सर, सगळ्यांची अर्धी ओळख त्या हँडलवर उभी आहे. पण ते हँडल नेमकं कुणाच्या मालकीचं आहे?

सरळ उत्तर: तुमच्या नाही.

भाड्याची जागा, तीही बिनकराराची

युजरनेम ही तुमची मालमत्ता नसते. इन्स्टाग्राम किंवा एक्स तुम्हाला ते वापरायची परवानगी देतात, इतकंच. ती परवानगी काढून घ्यायचा हक्क कंपनीने त्या लांबलचक अटींमध्ये स्वतःकडे ठेवलेला असतो. याच अटींवर आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो.

जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं नाव ‘एक्स’ झालं, तेव्हा ‘एक्स’ हे एका अक्षराचं हँडल सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छायाचित्रकाराकडे होतं. त्याने ते २००७ पासून, म्हणजे सोळा वर्षं, वापरलं होतं. कंपनीने त्याला कळवलं की हे हँडल आता आमचं. बदल्यात पैसे नाहीत. कंपनीच्या काही वस्तू आणि ऑफिस बघायला या, असं आमंत्रण मिळालं. त्याच्याकडे भांडायला काही नव्हतं, कारण नाव वापरायचा त्याचा हक्क कंपनीच्याच मर्जीवर टिकून होता.

युजरनेम वाटपाचा नियमही एसटीत रुमाल टाकून जागा धरण्यासारखा आहे. जो आधी येईल त्याला. फेसबुकने १३ जून २००९ रोजी लोकांना आपापलं युजरनेम निवडायची सोय दिली, तेव्हाही पद्धत हीच होती. फक्त तेव्हापासून एक अपवाद ठेवला गेला आणि तो आजही सगळीकडे आहे. ज्याच्याकडे नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, तो रुमाल उचलायला सांगू शकतो.

ट्रेडमार्क म्हणजे काय आणि त्यात हँडल बसतं का?

भारतात यासाठी ट्रेडमार्क कायदा, १९९९ आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. या कायद्यात ‘युजरनेम’ हा शब्द कुठेही नाही. साहजिकच, कायदा संमत झाला तेव्हा फेसबुक जन्मायलाही काही वर्षं बाकी होती.

पण कायद्यातली ‘मार्क’ची व्याख्या मोकळी आहे. नाव, शब्द, अक्षर, आकडा, सही, चित्र, रंगांची जुळणी, काहीही चालतं. अट एकच, त्या खुणेमुळे तुमचा माल किंवा सेवा दुसऱ्यापेक्षा वेगळी ओळखता आली पाहिजे. म्हणजे हँडल म्हणून हँडलला संरक्षण नाही. त्या हँडलमध्ये जे नाव आहे ते तुमच्या धंद्याची ओळख असेल, तर त्या नावाला संरक्षण आहे. समोरचं ‘अ‍ॅट द रेट’ चिन्ह कुठल्या नावाला वेगळेपण देत नाही.

इंटरनेटवरच्या नावांना हा कायदा लागू होतो का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे २००४ मध्येच आला होता. सत्यम इन्फोवे कंपनीची ‘सिफी’ या शब्दाने सुरू होणारी वेबसाइट-नावं होती. दुसऱ्या एका कंपनीने मध्ये फक्त एक ‘एफ’ जास्त घालून तसंच नाव घेतलं. कर्नाटक उच्च न्यायालयात सत्यम हरली. सुप्रीम कोर्टाने मात्र तो निकाल फिरवला. वेबसाइटचं नाव हा नुसता पत्ता नाही, धंद्याची ओळखही आहे, त्यामुळे त्याच्या नकलेला ट्रेडमार्कचे नियम लागू होतात, असं कोर्टाने सांगितलं.

आज तो जास्तीचा ‘एफ’ गेला आणि त्या जागी अंडरस्कोअर, टिंब किंवा शेवटी ‘ऑफिशियल’ आलं, एवढाच फरक.

वेबसाइटच्या नावांसाठी निदान त्रयस्थ लवाद तरी आहेत. जागतिक पातळीवर १९९९ पासून आहे आणि डॉट इन नावांसाठी भारताची वेगळी व्यवस्था आहे. युजरनेमसाठी असं काहीच नाही. तक्रार करायची ती कंपनीकडे आणि निकाल देणार तीच कंपनी. खरं तर या सगळ्या विषयातली सगळ्यात मोठी गोची हीच आहे. तिच्याबद्दल बोललं मात्र सगळ्यात कमी जातं.

वाशी कुठली? धाराशिवची की नवी मुंबईची?

मराठी माणसाची अडचण आणखी एका ठिकाणी आहे. इन्स्टाग्राम आणि एक्सवर युजरनेम रोमन अक्षरांतच घ्यावं लागतं. दुकानाची पाटी देवनागरीत, हँडल मात्र इंग्रजी लिपीत.

धाराशिव जिल्ह्यातल्या तालुक्यांचीच नावं घ्या. भूम लिहिताना कुणी एक ‘यू’ लावतं, कुणी दोन ‘ओ’. कळंबचं सरकारी कागदांवरचं जुनं स्पेलिंग वाचलं तर ‘कल्लम’ असं वाचलं जातं. उमरगा कधी ‘यू’ने सुरू होतं, कधी ‘ओ’ने. वाशी तालुक्यातल्या माणसाने ‘व्ही’ लावलं की लोक थेट नवी मुंबईच्या स्टेशनवर उतरतात, म्हणून बरेच जण ‘डब्ल्यू’ लावतात. ‘ळ’ला तर रोमनमध्ये स्वतःचं अक्षरच नाही. म्हणजे एका मराठी नावाची तीन-चार स्पेलिंगं सहज होतात. तुम्ही त्यातलं एक घेतलं, तर बाकीची मोकळीच राहतात.

इथे कायदा प्लॅटफॉर्मपेक्षा शहाणा आहे. कॉम्प्युटरला एक अक्षर बदललं की नाव वेगळं वाटतं. कोर्ट बघतं की नाव ऐकायला कसं वाटतं. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा वाद आला होता. सुरुवातीचे शब्द वेगळे असूनही कोर्टाने नावं फसगत होण्याइतकी सारखी मानली. निकष होता तो सामान्य गिऱ्हाइकाचा. असं गिऱ्हाईक, ज्याला नाव अर्धवट आठवतं आणि जे दोन पाट्या शेजारी ठेवून तपासत बसत नाही.

रात्री अकरा वाजता अंगठ्याने स्क्रोल करणारं गिऱ्हाईक याहून वेगळं कुठे असतं?

‘भूमचा खवा’ हे नाव मिळेल का?

समजा, भूम तालुक्यातल्या एका तरुणाने खव्याच्या पेढ्यांचं पेज काढलं. नाव ठेवलं ‘भूमचा खवा’. पेज चाललं, पुण्या-मुंबईतून ऑर्डरी यायला लागल्या. सहा महिन्यांनी त्याच नावाला अंडरस्कोअर जोडून दुसरं पेज आलं. त्यावर फोटोही त्याचेच. लोक आगाऊ पैसे भरतात, माल येत नाही आणि शिव्या पहिल्याला बसतात.

आता तो ट्रेडमार्कसाठी गेला तर काय होईल? बहुधा अर्जाला आक्षेप येईल. कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, दर्जा किंवा गाव सांगणारं नाव एकट्याला देत नाहीत. भूम हे गाव आणि खवा हा पदार्थ. तालुक्यात खव्याच्या भट्ट्या लावणारे कितीतरी जण आहेत. त्या सगळ्यांना ‘आमचा खवा भूमचा आहे’ असं म्हणता आलंच पाहिजे. अनेक वर्षांच्या वापराने ते नाव फक्त त्याच्याशीच जोडलं गेलंय, हे सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. पण सहा महिन्यांच्या पेजला ते जमणारं नाही.

गावाच्या नावाचं संरक्षण वेगळ्या कायद्याने होतं, ते म्हणजे भौगोलिक मानांकन, अर्थात जीआय. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला आणि तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला ते मिळालेलं आहे. जीआय एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करता येते. पण जीआय असलं म्हणून इन्स्टावरचं ‘कुंथलगिरी खवा’ हे हँडल आपोआप तुमच्याकडे येत नाही. हा फरक न समजल्याने बरेच जण चुकीच्या दारात उभे राहतात.

तुळजाभवानीच्या नावाचंही असंच आहे. आई, भवानी, जगदंबा, तुळजाई ही नावं घेऊन जिल्ह्यात किती दुकानं आणि किती पेजेस असतील, मोजदाद नको. देवाच्या नावाला कायद्यात सरसकट बंदी नाही, पण धार्मिक भावना दुखावणारी खूण नोंदवता येत नाही. शिवाय जे नाव सगळेच वापरतात त्यावर एकट्याचा हक्क टिकत नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून मागणारं प्रकरण आलं होतं. पवित्र ग्रंथाचं नाव मालाच्या विक्रीसाठी कुणी एकटा स्वतःच्या नावे करू शकत नाही, असं कोर्टाने म्हटलं. त्याला दुसरा शब्द जोडून वेगळं नाव केलं तर विचार होऊ शकतो, हा दरवाजाही कोर्टाने उघडा ठेवला.

म्हणजे गावाचं, पदार्थाचं किंवा देवाचं नाव लोकांना पटकन सापडतं, पण कोर्टात ते लंगडं पडतं. उलट ‘भाडिपा’सारखा जुळवून केलेला शब्द सुरुवातीला कुणाला कळत नाही, पण एकदा रुळला की त्याचं संरक्षण सोपं जातं. हँडल निवडताना सगळे ‘सर्चमध्ये वर येईल’ एवढंच बघतात आणि नेमके तिथेच फसतात.

नोंदणी नाही, म्हणजे हक्कच नाही?

असं नाही. इथे तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या हलव्याची गोष्ट उपयोगी आहे. ‘इरुट्टुकडै’ म्हणजे अंधारं दुकान. एका जुन्या दुकानाच्या हलव्याला लोकांनीच हे नाव दिलं होतं. दुसऱ्याने त्याच्या आधी ‘तिरुनेलवेली’ लावून तेच नाव वापरायला सुरुवात केली आणि आपल्याकडेही ट्रेडमार्कची नोंदणी असल्याचं दाखवलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नुसत्या नोंदणीपेक्षा वरचढ ठरू शकतो, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण पुण्याचं. कॅम्पातलं ‘बर्गर किंग’ १९९२ पासून सुरू आहे. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने भारतात ट्रेडमार्क १९७९ मध्येच नोंदवला होता, पण पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. कंपनीने २०११ मध्ये पुण्याच्या हॉटेलवर दावा लावला. तेरा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, पुणे जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. कंपनी इथे यायच्या कितीतरी आधीपासून हे हॉटेल चालू आहे, हा मुद्दा तिथे भारी पडला. पण डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली.

एका नावासाठी इतकी वर्षं आणि इतकी कोर्टं. इन्स्टावर पेढे विकणाऱ्याला हे परवडेल का, हा प्रश्न रास्तच आहे.

कायद्याच्या भाषेत नोंदणी नसलेल्या नावाच्या नकलेविरुद्धच्या दाव्याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणं. त्यात तुम्हाला बरंच काही सिद्ध करावं लागतं. नाव आधी तुम्ही वापरलं, लोकांमध्ये त्याची पत आहे, समोरच्याने फसगत केली आणि त्यात तुमचं नुकसान झालं किंवा होऊ शकतं. नोंदणी असेल तर यातलं बरंचसं ओझं उतरतं.

आणखी एक फरक धाराशिवसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्यासाठी फार मोलाचा आहे, तो कलम १३४ मध्ये आहे. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल, तर तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकता. समोरचा दिल्लीत बसलेला असला तरी. नोंदणी नसेल तर ही सवलत नाही. मग एकतर समोरचा जिथे आहे तिथे जा, नाहीतर फसवणूक आपल्या भागात घडली हे आधी कोर्टाला पटवा. वकिलाची फी सोडा, नुसत्या प्रवासाचा हिशोब केला तरी नोंदणी स्वस्त वाटेल.

ती आहेही तशी. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. वर्ग एकूण ४५. खवा-दुधाचे पदार्थ २९ मध्ये, मिठाई-मसाले ३० मध्ये, मनोरंजन आणि शिकवणी ४१ मध्ये. रीलस्टारने ४१ मध्ये नाव नोंदवलं आणि नंतर त्याच नावाने मसाला काढला, तर ३० साठी अर्ज वेगळा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.

नुसतं नाव अडवून ठेवायला नोंदणी केली तर मात्र उपयोग नाही. सलग पाच वर्षं वापरलंच नाही, तर दुसरा माणूस ते रजिस्टरमधून काढायला लावू शकतो. आणि अर्ज केल्या केल्या नावापुढे गोलातला ‘आर’ लावायची घाई नको. नोंदणी नसताना तसं दाखवायला कलम १०७ खाली मनाई आहे, त्यासाठी दंड होऊ शकतो. ‘टीएम’ लावायला हरकत नाही.

पोलीस काय करू शकतात?

नावाची नक्कल झाली की बहुतेक जण आधी पोलीस ठाण्यात जातात आणि ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ हे ऐकून परत येतात. नुसत्या नावाच्या वादात ते बरंचसं खरंही आहे. ट्रेडमार्क कायद्यात खोट्या मार्कसाठी शिक्षा आहे, पण जप्तीची कारवाई पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायची आणि तीही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घेऊन.

पण तुमच्या नावाचं बनावट पेज लोकांकडून पैसे घेत असेल, तर मामला बदलतो. आयटी कायद्याच्या कलम ६६-ड नुसार कॉम्प्युटर वापरून तोतयेगिरीने फसवणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल हा जवळचा रस्ता. तक्रारीत ‘माझं नाव चोरलं’ यापेक्षा ‘माझ्या नावाने या लोकांचे पैसे घेतले’ हे आधी लिहावं आणि व्यवहाराचे पुरावे जोडावेत.

प्लॅटफॉर्मकडे तक्रार करतानाही दोन वेगळे फॉर्म असतात, तोतयेगिरीचा आणि ट्रेडमार्कचा. ट्रेडमार्कच्या फॉर्ममध्ये नोंदणी क्रमांक विचारतात. तो नसेल तर तक्रार तिथेच अडकण्याची शक्यता जास्त. कंपनीने दाद दिली नाही, तर आयटी नियमांप्रमाणे नेमलेल्या तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथूनही समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. ही समिती मार्च २०२३ पासून काम करते. वकील लागत नाही, तरी हा रस्ता फारसा कुणाला ठाऊक नसतो.

या हत्याराची दुसरी धार

ट्रेडमार्क धंद्यातल्या वापराला लागू होतो. एखाद्या नेत्याचं विडंबन करणारं पेज, कंपनीच्या खराब सेवेबद्दल ओरडणारं पेज, कलाकाराचं फॅन पेज, हे सगळं आपोआप ट्रेडमार्कचं उल्लंघन होत नाही. पण मोठ्या कंपनीची तक्रार आली की प्लॅटफॉर्म अनेकदा आधी पेज बंद करतो आणि मग विचार करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने ‘मेटा’ हे नवं नाव जाहीर केल्यानंतर काही दिवसांतच ऑस्ट्रेलियातल्या एका कलाकाराचं ‘मेटाव्हर्स’ नावाचं जुनं इन्स्टा अकाउंट बंद झालं होतं. तिच्यावर ठपका होता तोतयेगिरीचा. ते चुकून झालं, असं कंपनीने नंतर सांगितलं आणि अकाउंट परत दिलं. तोवर जगभरात बातम्या झाल्या होत्या. कळंबच्या एखाद्या पेजसाठी तेवढ्या बातम्या होणार नाहीत.

व्यक्तीच्या नावाचा प्रश्न पुन्हा वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा आवाज, नाव आणि प्रतिमा एआयने परस्पर वापरायला अंतरिम मनाई केली. तो हक्क प्रसिद्ध व्यक्तीच्या ओळखीचा आहे, त्याला ट्रेडमार्कची नोंदणी लागत नाही. पण तो मिळवायला नावाभोवती तेवढी प्रसिद्धी लागते.

बाकीच्यांसाठी कामाला येतो तो कंटाळवाणा कागद. पहिल्या पोस्टचा स्क्रीनशॉट, हँडल छापलेलं जुनं बिल, अन्न परवाना, जाहिरातीची पावती, तारखेसकट. हँडल बदलायचं असेल, तर जुनं नाव एखाद्या दुसऱ्या रिकाम्या अकाउंटवर लगेच घेऊन ठेवणं, म्हणजे ‘उस्मानाबाद’वालं पेज ‘धाराशिव’ झाल्यावर मागे मोकळी खुर्ची राहत नाही.

आणि दर सोमवारी एक काम. ट्रेडमार्क जर्नल आठवड्याला ऑनलाइन निघतं, बघायला पैसे लागत नाहीत. त्यात एखाद्याने तुमच्याच नावासाठी केलेला अर्ज छापून आला, तर हरकत घ्यायला चार महिने मिळतात. ही मुदत पुढे वाढवून मिळत नाही.